'महल' पुन्हा, खळ्यात : भीती गेली कुठे आणि परत कशी आणायची?

आगरवाट

दिवाळीला सगळे गावी जमतात, तेव्हा वाडीतल्या जुन्या कौलारू घराच्या खळ्यात पडदा लावून 'महल' दाखवायचं घाटतंय. १९४९चा चित्रपट, कमाल अमरोहींचं पहिलं दिग्दर्शन, बॉम्बे टॉकीजची निर्मिती, अशोककुमार आणि मधुबाला. दूरदर्शनवर लहानपणी ज्यांनी पाहिला त्यांना आजही घड्याळाचे ठोके, बागेतला झोपाळा आणि कुठूनतरी येणारं ते गाणं आठवतं.

अडचण अशी की आता लॅपटॉपवर लावला तर भीती वाटत नाही. आवाज किरटा लागतो, काळोखाच्या जागी राखाडी धुकं दिसतं, आणि तासाभरात लोक फोन बाहेर काढतात. चित्रपट म्हातारा झालाय, की आपण तो चुकीच्या पद्धतीने लावतोय? माझी खात्री आहे की दुसरंच खरं. प्रोजेक्टर, ध्वनी आणि जुनी घरं यांतलं ज्यांना कळतं त्यांनी आकड्यांसह सांगावं.

मोजमापं: पडदा १२ बाय ९ फूट, माणसं साठेक, खळं घराच्या पडवीसमोर, समुद्र अर्ध्या किलोमीटरवर.

शेवट कोणी फोडू नका. वाडीतल्या निम्म्या पोरांनी पाहिलेला नाही.

एक_तिकीट

पहिली रांग माझी. चटई चालेल.

ध्वनिफीत

किरट्या आवाजापासूनच सुरुवात करू, कारण अर्धी भीती तिथेच सांडते.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींवर चालतो. आपलं टीव्ही प्रसारण २५ चौकटींचं. टीव्हीसाठी किंवा त्या पद्धतीच्या डीव्हीडीसाठी प्रत काढताना सरळ २४च्या जागी २५ चौकटी पळवतात. म्हणजे चित्रपट चार टक्क्यांनी वेगाने धावतो आणि आवाज अर्ध्या स्वराइतका नाही, पण त्याहून थोडाच कमी चढतो. पेटीवर काळी एकची पट्टी पांढरी दोनच्या थोडी अलीकडेपर्यंत सरकली असं समजा. 'महल'ची लांबी १६५ मिनिटांची. अशा प्रतीत ती १५८ मिनिटांच्या आसपास येते. गाणाऱ्या बाईंचा आवाज पातळ होतो, अशोककुमारांचं थांबून थांबून बोलणं घाईचं होतं, आणि ज्या चित्रपटाचा जीव संथपणात आहे त्याचा जीवच आखडतो.

नुसत्या लांबीवरून निदान करू नका, कारण बऱ्याच प्रती मध्येमध्ये कापलेल्या असतात. खात्रीचा उपाय असा: व्हीएलसीमध्ये (संगणकावर चित्रपट लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पात्र चालत असलेला एखादा प्रसंग लावा, थांबवा, आणि 'ई'ची कळ दाबत एकेक चौकट पुढे न्या. फाइल २५ चौकटींची असेल आणि पंचवीसच्या पंचवीस चौकटींत हालचाल वेगळी दिसली तर प्रत पळवलेली आहे. पंचविसात एक चौकट जागेवर थांबलेली दिसली तर वेग बरोबर आहे, हात लावू नका.

पळवलेली असेल तर वेग ०.९६ करा. पण त्याआधी सेटिंगमध्ये 'टाइम स्ट्रेचिंग'ची खूण काढा. ती राहिली तर व्हीएलसी वेग कमी करतं पण पट्टी तशीच वर ठेवतं. मग चित्र ठीक आणि गाणं किरटंच. ही चूक हमखास होते.

घाटमाथा

लहानपणी टीव्हीवर पाहिला तोही पळवलेलाच असणार ना मग? तेव्हा तर घाबरलो होतो सगळे.

ध्वनिफीत

@घाटमाथा, बरोबर, तोही पळवलेलाच. पण तेव्हा १४ इंची संचाचा एकच छोटा स्पीकर होता, वरचे स्वर त्यातून धड यायचेच नाहीत. शिवाय कोकण किनाऱ्यावर सिग्नल समुद्रावरून यायचा. हवा जमली तर लख्ख, नाहीतर पडद्यावर मुंग्या. धूसर चित्र, धूसर आवाज, उरलेलं मन भरून काढायचं. आता प्रत स्वच्छ, पडदा मोठा. त्यात वेगाची चूक उघडी पडते.

लिंबलोण

वेगाबद्दल पूर्ण अनुमोदन. आता काळोखाबद्दल, कारण हा चित्रपट काळोखाने लिहिलेला आहे.

छायाचित्रण जोसेफ विर्शिंग यांचं. म्युनिकचा माणूस, तिसाच्या दशकात बॉम्बे टॉकीजमध्ये आला आणि इथलाच झाला. मालाडच्या स्टुडिओत त्याने जो प्रकाश लावला त्याची तऱ्हा अशी की खोली उजळायची नाही, फक्त माणूस काळोखातून कापून काढायचा. एकच मुख्य दिवा, तोही बाजूने आणि खालून. भिंतीवर खिडकीच्या गजांची किंवा झाडाची सावली, आणि चौकटीचा मोठा भाग खराखुरा काळा. चेहऱ्याचा निम्मा भाग त्या काळ्यात विरतो. घर मोठं किती आहे हे कधीच कळत नाही, कारण त्याच्या भिंती दिसतच नाहीत. घराला अंत नाही असं वाटतं ते त्यामुळे.

आता हेच चित्र उजेडाच्या खोलीत, चकाकणाऱ्या पडद्यावर बघा. काळ्याचं राखाडी झालं की भिंती दिसायला लागतात. भिंती दिसल्या की तो एक सेट आहे हे कळतं. @आगरवाट, तुमचं 'राखाडी धुकं' म्हणजे नेमकं हे.

प्रकाशझोत

@लिंबलोण यांनी कारण सांगितलं, मी उपाय सांगतो.

प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. तो फक्त उजेड फेकतो. पडद्यावरचा काळा म्हणजे त्या जागेचा काळोख, अधिक प्रोजेक्टरमधून गळणारा थोडा उजेड. म्हणून आधी जागेचा काळोख कमवा: पडवीतला दिवा, शेजारच्या घराचा बाहेरचा दिवा, रस्त्याचा दिवा, आणि दिवाळी असल्याने आकाशकंदील. तीन तासांसाठी बंद ठेवायची विनंती आधीच करून ठेवा.

उजेडाचा हिशेब. हा चित्रपट जुन्या चौकोनी मापाचा, रुंदीला उंचीच्या साधारण सव्वा ते दीडपटीच्या मधला. आजचे प्रोजेक्टर १६:९चे. ९ फूट उंची हवी तर प्रोजेक्टर १६ फूट रुंद पट्टा फेकणार. त्यातल्या मधल्या १२ फुटांवर चित्र, दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट रिकामं. १६ गुणिले ९ म्हणजे १४४ चौरस फूट. खऱ्या ३००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर असेल तर चौरस फुटाला २१च्या आसपास पडतात. चित्रपटगृहात १४ ते १६ पुरतात, म्हणजे भरपूर झालं. ऑनलाइन मिळणारे स्वस्त एलईडी प्रोजेक्टर खोक्यावर काहीही आकडा छापतात, प्रत्यक्षात एएनएसआय या प्रमाणित मापाने २००च्या घरात असतात. तेवढ्यात चौरस फुटाला दीडसुद्धा पडत नाही. 'महल'सारख्या चित्रपटात तुम्हाला फक्त मेणबत्त्या दिसतील. भाड्याने घ्या, पण एएनएसआय ल्युमेन विचारूनच घ्या.

अंतर काढताना सगळे चुकतात ती जागा: अंतर म्हणजे रुंदी गुणिले प्रोजेक्टरचा थ्रो रेशो. इथे रुंदी १२ नाही, १६ धरायची. रेशो १.५ असेल तर २४ फूट. १२ धरून १८ फुटांवर ठेवलात तर चित्र पावणेसात फूट उंच आणि ९ फूट रुंदच येईल, आणि प्रेक्षक बसल्यावर प्रोजेक्टर मागे न्यायची धावपळ होईल.

आणि कडेच्या त्या दोन-दोन फुटांवर काळं कापड लावा. घोंगडी सगळ्यात उत्तम, लोकर उजेड गिळते. कडा खरी काळी असली की डोळ्याला चित्रातला राखाडीसुद्धा काळा भासतो. शंभर रुपयांच्या कापडाने जे होतं ते दहा हजार जास्त मोजून होत नाही.

सेटिंग: 'डायनॅमिक' किंवा 'व्हिव्हिड' बंद, 'सिनेमा' चालू. रंगाची मात्रा शून्य, म्हणजे प्रतीतले हिरवे-जांभळे ठिपके जातात. हालचाल गुळगुळीत करणारी सोय असेल तर ती बंद. कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करणारी सोय) वापरू नका, प्रोजेक्टर सरळ ठेवा.

वाळूचीघडी

पडदा कसला? फ्लेक्स चालेल का? गावात लगेच मिळतो.

प्रकाशझोत

फ्लेक्स चकाकतो. मधोमध उजेडाचा गोळा दिसतो आणि बाजूला बसलेल्यांना अंधूक. मांजरपाट घ्या, जाड विणीचा, धुऊन आटवून. पन्हे आडवे जोडा, उभे नकोत. उभा जोड बरोबर मधुबालाच्या चेहऱ्यावर येतो. मागून काळं कापड शिवा, नाहीतर निम्मा उजेड आरपार निघून माडांवर पडतो.

रापणकार

वायच थांबा. पडदो लावतास, पण वारो खंयसून येता ता आधी बघा.

१२ बाय ९ म्हणजे १०८ चौरस फूट. ते कापड नाही, शीड आहे. ताशी १८ किलोमीटरचा साधा वारा लागला तरी १५ ते १८ किलोचा जोर बसतो. वारा दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे सत्तर किलो. वर बांधून खाली मोकळा सोडलेला पडदा फडफडणार, आणि घट्ट ताणलेला पडदा खांब घेऊन पडणार. माणग्याचे दोन बांबू अडीच फूट जमिनीत गाडा, प्रत्येकाला मागे-पुढे दोन तणावे द्या. पडद्याच्या कडेला दर दीड फुटाला डोळा पाडा आणि दोरीऐवजी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा. झोत आला की ट्यूब ताणते, खांब हलत नाही. खालच्या कडेला आडवा बांबू ओवा.

वेळ संध्याकाळी सात ते दहाची चांगली. दिवसाचा खारा वारा सूर्यास्तानंतर पडतो, आणि जमिनीकडून येणारा मतलई वारा रात्र चढल्यावर जोर धरतो. मधली वेळ निवांत असते.

पण दुसरी गोष्ट मोठी आहे. दिवाळीत खळं तयार असेल का? पावसाने खळं उखडलेलं असतं. चिखल करून, चोपण्याने चोपून, शेणाने सारवून ते पक्कं व्हायला उन्हाचे दिवस लागतात. ओल्या खळ्यावर खुर्च्यांचे पाय रुततात आणि खड्डे पडले की भात झोडताना दाणा त्यात जातो. घरधनीण चिडली तर भुतापेक्षा वाईट. चटयाच घाला, खुर्च्या फक्त पडवीत.

एक_तिकीट

बघा, चटई मी आधीच म्हटली होती!

चंद्रकोर

तिथीचा विचार कोणी केला नाही अजून. तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत ठेवू नका. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत संध्याकाळपासूनच चांदणं असतं. पांढऱ्या कापडावर चंद्र पडला की प्रकाशझोत यांचा सगळा हिशेब फुकट.

लक्ष्मीपूजनाला अमावस्या असते, काळोख पक्का, पण फटाके आणि धूर. धुरात प्रोजेक्टरचा झोत दिसायला लागतो, पडदा फिका होतो. उत्तम दिवस वसुबारस. आश्विन वद्य द्वादशी, चंद्र पहाटे तीननंतर उगवणार, फटाक्यांना अजून जोर नाही. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आपल्याकडे सूर्यास्त सव्वासहाच्या आत, सात वाजता अंधार भरलेला.

वाळूचीघडी

वसुबारसेला संध्याकाळी गाय-वासराची पूजा असते. आणि चावदिवसाच्या (नरकचतुर्दशीच्या) पोह्यांची तयारीही त्याच दिवसांत. बायकांनी चित्रपट बघायचा की पोहे कांडायचे? पूजा आटपून सव्वासातला सुरू करा, आणि वाडीतल्या पुरुषांनी नारळ खवून ठेवा.

आगरवाट

@वाळूचीघडी, नारळ खवायची जबाबदारी पुरुषांवर टाकली आहे, यादी लावतो.

घाटमाथा

सगळी तयारी जोरदार आहे, पण मूळ मुद्द्याला विरोध नोंदवतो. १६५ मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट, पोरं झोपतील. कोकणात भुताचा चित्रपटच दाखवायचा तर रामसे बंधूंचा दाखवा ना. त्यांनी मुरुडच्या नवाबाच्या राजवाड्यात चित्रीकरण केलं, म्हणजे किनाऱ्याचाच. तोंडं, धूर, किंकाळ्या, दोन तासांत मोकळे.

लिंबलोण

@घाटमाथा, रामसेंना माझा विरोध नाही. कमी पैशांत, जुन्या वाड्यांत जाऊन, निळा-लाल दिवा आणि धुराचं यंत्र यांवर त्यांनी एक अख्खी तऱ्हा उभी केली. मुरुडचा तो राजवाडा खाजगी मालमत्ता आहे, आत जाता येत नाही, पण रस्त्यावरून त्याच्या कमानी पाहिल्या की तिथेच कॅमेरा का लावला ते कळतं.

फरक असा की रामसेंच्या घरात भूत दिसतं. 'महल'मध्ये घर दिसतं आणि भूत ऐकू येतं. ज्या प्रेक्षकांना स्वतःच्या माळ्यावरचे आवाज पाठ आहेत त्यांच्यासाठी ऐकू येणारं भूत जास्त जवळचं.

सड्यावरचा

(अवांतर) 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा सावंतवाडीजवळच्या आकेरीतलं घर बघायला लोक गाड्या घेऊन यायचे. त्या मालिकेतही निम्मं काम घरानेच केलं होतं: माजघर, विहीर, मागचा काळोख.

पेटारा

@घाटमाथा, पोरं झोपतील हे पटत नाही. दशावतार बघणारी माणसं आहेत ही. रात्री अकराला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत बघतात. तिथे रंगमंचावर काय असतं? एक बाकडं, मागे पडदा, पेटी, पखवाज, झांज. जंगल, राजवाडा, स्मशान सगळं आवाजातून उभं राहतं. राक्षस यायच्या आधी पखवाज बदलतो आणि पुढे बसलेली पोरं मागे सरकतात. राक्षस अजून पडद्यामागेच असतो. आपल्या लोकांचा कान तयार आहे. त्यांना फक्त नीट ऐकू आलं पाहिजे.

ध्वनिफीत

@पेटारा यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं.

'आयेगा आनेवाला' घ्या. खेमचंद प्रकाश यांचं संगीत, लता मंगेशकर तेव्हा जेमतेम विशीच्या. चाल लागण्याआधी सुरुवातीला ज्या सैल ओळी आहेत त्यांत आवाज लांबून जवळ येतो. तेव्हा हे यंत्राने करायची सोय नव्हती. माइक खोलीच्या मध्ये ठेवला आणि लताबाई लांबच्या कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. त्यामुळे आवाज नुसता मोठा होत नाही, त्याचा पोतही बदलतो. लांब असताना खोलीचा घुमारा जास्त आणि गळा कमी, जवळ येताना गळा जास्त आणि घुमारा कमी. कानाला कळतं की खरंच कोणीतरी चालत येतंय. तबकडीवर गायिकेचं नाव 'कामिनी' असं पात्राचं छापलं होतं, म्हणजे ऐकणाऱ्याला बाई कोण हेही ठाऊक नव्हतं.

हे खळ्यात कसं जपायचं:

चित्रपटाचा ध्वनी एकपदरी आहे. डावा-उजवा असे दोन स्पीकर लांब लावलेत तर मधल्या माणसाला ठीक, कडेच्या माणसाला आवाज कडेने येतो. एकच चांगला स्पीकर पडद्याच्या मागे किंवा बरोबर खाली, मध्यभागी ठेवा, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा थोडा वर. मांजरपाटातून आवाज पार होतो.

डीजेची खोकी नकोत. त्या काळच्या ध्वनिपट्टीत फार खालचे आणि फार वरचे स्वर नाहीतच. खर्ज वाढवलात तर फक्त घरघर वाढेल, वरचे स्वर वाढवलेत तर खरखर. दोन्ही मध्यावर.

ब्लूटूथ अजिबात नको. त्यात आवाज सेकंदाचा दहावा ते पाव भाग उशिरा येतो. ओठ आणि शब्द फाटतात. वायर टाका.

प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि अँप्लिफायर एकाच बोर्डवरून घ्या. वेगवेगळ्या खोल्यांतून वीज घेतली की 'हूं' असा सतत गुंजारव येतो, आणि 'महल'च्या शांततेत तो सगळ्यात आधी ऐकू येईल. तरी आलाच तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा.

आवाज किती? गाण्याच्या सुरुवातीला शेवटच्या चटईवर समुद्राची गाज आणि बाईंचा आवाज दोन्ही ऐकू आले पाहिजेत. तेवढाच.

कौलारू

गाजेचा उल्लेख आला म्हणून लिहितो. रात्री समुद्र जवळ आल्यासारखा वाटतो तो भास नाही. संध्याकाळनंतर जमिनीलगतची हवा गार होते, वरची त्यामानाने ऊबदार राहते. अशा हवेत आवाज वर निसटण्याऐवजी खाली वाकतो. अर्ध्या किलोमीटरवरची गाज नऊ वाजता ऐकू येईल, दुपारी तीनला नाही.

आणि घर स्वतः बोलतं. मंगलोरी कौलं दिवसभर तापून फुगतात, सूर्यास्तानंतर दोनेक तास आकसत राहतात आणि एकमेकांवर घासतात. ती टकटक म्हणजे कोणीतरी कौलांवरून चालतंय असंच वाटतं. लाकडाचं वेगळं. पावसाळाभर वासे, तुळया, दारांच्या चौकटी पाणी पिऊन फुगलेल्या असतात. ऑक्टोबरात हवा कोरडी व्हायला लागली की लाकूड सुकतं. लाकूड लांबीला जवळजवळ आकसत नाही, रुंदीला आकसतं. म्हणून आवाज वाशाच्या मध्यात होत नाही, सांध्यात होतो. सांधा अडलेला असतो, ताण साठतो आणि एकदम सुटतो. 'कट्ट'. जिन्याच्या पायऱ्यांचंही तेच: दिवसा पाय पडून दबलेली फळी रात्री उशिराने वर येते, एकामागून एक, जणू कोणी चढतंय.

म्हणजे वसुबारसेच्या सुमारास, संध्याकाळी सात ते दहा, तुमचं घर वर्षातलं सगळ्यात जास्त बोलकं असतं. एवढी तयार पार्श्वध्वनीची सोय कुठल्या चित्रपटगृहात नाही.

माझी एक सूचना. पडदा घराच्या भिंतीला लावू नका. खळ्याच्या समुद्राकडच्या टोकाला लावा. प्रेक्षकांची तोंडं समुद्राकडे, आणि काळोखी पडवी, उघडं दार, माजघर त्यांच्या पाठीमागे.

एक_तिकीट

पहिली रांग नको. शेवटचीही नको. मधली द्या.

पिंगळा

कौलारूंच्या यादीत भर. माळ्यावर धपकन उडी आणि मग ओढत नेल्यासारखा आवाज आला तर उदमांजर. चिरकून ओरडणं आणि घोरल्यासारखा फुसकारा म्हणजे गव्हाणी घुबड, फुसकारा बहुतेक पिल्लांचा. एकदम कलकलाट करून थांबला तर पिंगळा. तिघांनाही हाकलू नका, उंदीर तेच आटोक्यात ठेवतात.

किड्यांसाठी: झोतावर पाकोळ्या येतात आणि पडद्यावर घारीएवढ्या दिसतात. खळ्यापासून चाळीस-पन्नास फुटांवर, घराच्या आडोशाला, पडद्यावर उजेड पडणार नाही असा एक पांढरा दिवा सोडा, प्रोजेक्टरच्या तासभर आधी. बरेचसे तिकडे जातील. डासांची कॉइल झोताखाली लावू नका, धूर वर चढतो.

प्रकाशझोत

@कौलारू, जागेची कल्पना फार सुंदर आणि सोयीचीही. प्रोजेक्टर पडवीच्या कडेला येतो, म्हणजे डोक्यावर छप्पर. रात्री आठनंतर दव पडायला लागतं आणि उघड्यावरची भिंग बाष्पाने धुरकटते. जोतं दोन फूट, त्यावर सव्वादोन फुटांचं टेबल, भिंग साडेचार फुटांच्या जवळ. पडद्याची खालची कड जमिनीपासून साडेचार फुटांवर घ्या. चटईवर बसलेल्याचं डोकं तीन फुटांवर असतं, झोत वरून निघून जातो. प्रोजेक्टरचा पंखा आवाज करतो, म्हणून 'इको'वर (कमी उजेडाच्या सेटिंगवर) चालवा. उजेड थोडा कमी होईल, पण हिशेबात जागा आहे.

वीज गेली तर? दिव्याचा प्रोजेक्टर झटकन बंद झाला की आतला दिवा थंड व्हायच्या आत पंखा थांबतो, आणि दिवा जातो. प्रोजेक्टर, लॅपटॉप, अँप्लिफायर मिळून चारशे वॅटच्या आसपास. घरातल्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर इन्व्हर्टर निदान दीड-दोन तास ओढेल. घरातले पंखे आणि फ्रीज मात्र त्यावरून उतरवा.

सड्यावरचा

परतीचा पाऊस आला तर?

रापणकार

दुपारी चारला सह्याद्रीकडे ढग चढलेले दिसले तर पडदा बांधूच नका. विजा चमकत असताना ओल्या खळ्यात बांबू, वायर आणि साठ माणसं, नको. दुसऱ्या दिवशी करा. धनत्रयोदशीलाही काळोख आहेच.

वाळूचीघडी

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही हे लक्षात आहे ना? १६५ मिनिटं म्हणजे पावणेतीन तास. सव्वासातला सुरू केला तर दहाला संपेल. मध्यंतर बसत नाही.

लिंबलोण

मध्यंतर नकोच. मध्यंतरात दिवा लागतो, आणि काळोखाला सरावलेला डोळा पुन्हा सरावायला वीस मिनिटं घेतो. तेवढ्यात विर्शिंगच्या चार सावल्या हुकतात. पोहे आधी खाऊन घ्या.

घाटमाथा

हार मानतो, 'महल'च दाखवा. पण एक प्रश्न उरतो. शेवट न फोडता विचारतो: जो गूढ उलगडतो त्या चित्रपटाची भीती दुसऱ्यांदा कशी वाटेल? उत्तर माहीत असतं की. मूळ धाग्यात 'भीती गेली कुठे' हाच प्रश्न आहे आणि आपण सगळे वायरींत अडकलोय.

लिंबलोण

@घाटमाथा, याच प्रश्नाची वाट बघत होते.

पहिल्यांदा बघताना आपण विचारतो, ती कोण आहे? उत्तर माहीत असताना बघा, प्रश्न बदलतो: हा माणूस असा का वागतोय? शंकर त्या घरात येतो, भिंतीवरच्या तसबिरीत स्वतःचाच चेहरा बघतो, बागवानाकडून जुनी गोष्ट ऐकतो, आणि त्या क्षणापासून ती गोष्ट खरी असावी असं त्यालाच हवं असतं. मित्र समजावतो, घरचे लांब नेतात, तो परत येतो. लहानपणी आपण झोपाळ्याकडे बघत होतो. आता अशोककुमारांच्या चेहऱ्याकडे बघा. त्यांनी भीती कुठेच दाखवलेली नाही, ओढ दाखवली आहे. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडून ते कान देतात. माणूस भुताच्या मागे स्वतःहून चालत जातो, हे मोठेपणी जास्त घाबरवतं. आणि ज्यांचा त्यात काही दोष नाही त्यांचं जे होतं, ते दुसऱ्यांदा बघताना सहन होत नाही. जास्त सांगत नाही.

हे सगळं चेहऱ्यावरच्या अर्ध्या उजेडात आणि दोन वाक्यांमधल्या शांततेत आहे. म्हणून वेग, काळोख आणि आवाज यांवर इतकं बोलणं चाललंय. वायरी हाच प्रश्नाचा अर्धा भाग आहे.

पेटारा

+१. चेहऱ्याकडे बघा, हे पोरांना आधी सांगायचं की नाही?

लिंबलोण

नको. त्यांनी झोपाळाच बघावा.

आगरवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलेलं लिहितो, चुकलं तर दुरुस्त करा.

वसुबारस, पाऊस आला तर धनत्रयोदशी. आदल्या रात्री प्रत तपासून वेग ठरवायचा. पडदा समुद्राकडच्या टोकाला, मांजरपाट, आडवे जोड, मागून काळं. बांबू दुपारी तीनला गाडायचे, ट्यूबच्या पट्ट्या चोवीस कापून ठेवल्या आहेत, पण प्रत्येक डोळ्याला एक धरली तर अठ्ठावीस लागतील असं दिसतंय, म्हणून अजून एक ट्यूब. प्रोजेक्टर पडवीच्या कडेला, पडद्यापासून २४ फूट. स्पीकर एक, पडद्यामागे. पूजा आणि पोहे सातपर्यंत, दिवे सात दहाला बंद, चित्रपट सव्वासातला. माजघराचं दार उघडं ठेवायचं आणि आत दिवा लावायचा नाही.

फक्त कडेच्या काळ्या कापडाचं अजून जमलेलं नाही.

रापणकार

घोंगडी दोन आसत आमच्याकडे, धुतलेली. वसुबारशीक सकाळी घेऊन येतंय. कोपऱ्यात कसर लागली हा, ती बाजू खाली करा.